शब्द कळतात, वाक्य निसटतं : इंग्रजी वाचनाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही कॉलेज-विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून इंग्रजी उतारा-वाचनाविषयी प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा इथून पत्रं आली. बरेच प्रश्न एकमेकांसारखे होते, ते एकत्र केले आहेत. या सदरात इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच छापली आहेत. सरावासाठी ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या. उतरवताना स्पेलिंग अडलं तर तेवढाच जादा सराव.

बारावीपर्यंत माझं मराठी माध्यम होतं, आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उताऱ्यातले बहुतेक शब्द ओळखीचे असतात. सुटे विचारले तर अर्थही सांगते. पण वाक्य लांब झालं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. माझा शब्दसंग्रह कमी पडतोय का?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

सुट्या शब्दांचे अर्थ सांगता येतात म्हणजे शब्दसंग्रहाची अडचण नाही. अडतंय ते वाक्याच्या बांधणीत.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. आपण लहानपणापासून शेवटच्या शब्दाची वाट बघत वाचतो आणि तो आला की सगळ्याची गाठ बसते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येतं. पण परीक्षेच्या उताऱ्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये बरीच माहिती कोंबलेली असते. आपण सवयीने शेवटाकडे धावतो आणि मुख्य क्रियापद मध्येच मागे राहून जातं. सोलापूरकरांना जवळचा विषय घेऊन एक छोटा उतारा तयार केला आहे. तो दोनदा वाचा.

«दि अटॅचमेंट दॅट जोसेफ मारी जॅकार्ड डेव्हलप्ड इन फ्रान्स इन 1804 रिप्लेस्ड नॉट द वीव्हर बट द हेल्पर हू लिफ्टेड द वॉर्प थ्रेड्स बाय हँड फॉर ईच लाइन ऑफ द पॅटर्न. अ चेन ऑफ पंच्ड कार्ड्स नाउ डिड दिस वर्क. ऑल्दो मेनी सिल्क वीव्हर्स इन लिऑन फिअर्ड द डिव्हाइस, इट वॉज इव्हेंच्युअली अडॉप्टेड देअर. इट्स कार्ड्स लेटर सजेस्टेड टू चार्ल्स बॅबेज, हूज कॅल्क्युलेटिंग एंजिन वॉज नेव्हर कम्प्लीटेड इन हिज लाइफटाइम, अ वे ऑफ इन्स्ट्रक्टिंग अ मशीन.»

आपल्याकडे चादरीची नक्षी ज्या जकार्डवर विणतात, त्याच्या मूळ यंत्राची ही गोष्ट. वॉर्प म्हणजे ताणा (मागावरचे उभे धागे), हे ज्यांच्या घरी माग आहे त्यांना सांगायला नको.

आता पहिलं वाक्य पेन्सिलने फोडू. त्यात क्रियापदासारखे दिसणारे तीन शब्द आहेत : डेव्हलप्ड, रिप्लेस्ड, लिफ्टेड. मुख्य क्रियापद एकच. ते ओळखायची खूण अशी की दॅट, हू, व्हिच, हूज यांपैकी शब्द नामाला लागून आला की तिथे कंस उघडतो, आणि त्यानंतरचं पहिलं क्रियापद त्या कंसाच्या मालकीचं असतं. म्हणून डेव्हलप्ड हे दॅटचं आणि लिफ्टेड हे हूचं. उरलं ते रिप्लेस्ड. अटॅचमेंट आणि रिप्लेस्ड यांच्यामध्ये नऊ शब्द आहेत, त्या सगळ्यांभोवती कंस काढा आणि ते तात्पुरते झाकून टाका. हाती राहतं ते एवढंच : दि अटॅचमेंट रिप्लेस्ड द हेल्पर. जोडयंत्राने मदतनिसाची जागा घेतली. वाक्याचा कणा हाच. आता कंसातलं वाचा : कुठलं जोडयंत्र? 1804 साली फ्रान्समध्ये जॅकार्डने तयार केलेलं. कुठला मदतनीस? नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी ताण्याचे धागे हाताने उचलणारा.

कंस उलगडताना मराठीत काय झालं, ते पाहा. इंग्रजीत नामाच्या मागून आलेला मजकूर मराठीत नामाच्या आधी गेला आणि ‘केलेलं’, ‘उचलणारा’ अशी रूपं आली. ही अदलाबदल हाताला बसली की अर्धं काम झालं.

शेवटच्या वाक्यात कंस आधीच घातलेला आहे, स्वल्पविरामांच्या जोडीने. बॅबेजनंतरच्या स्वल्पविरामापासून लाइफटाइमनंतरच्या स्वल्पविरामापर्यंतचा मजकूर उचलून बाजूला ठेवा. सजेस्टेड टू बॅबेज अ वे, म्हणजे कार्डांमुळे बॅबेजला एक युक्ती सुचली. स्वल्पविरामांची जोडी दिसली की तिचा असा उपयोग करून घ्या.

दोन ठिकाणी ही युक्ती फसते. एक, जिथे दॅट गाळलेला असतो : द क्लॉथ द मिल सोल्ड वॉज व्हाइट. दोन नामं मध्ये काही न येता लागोपाठ आली (द क्लॉथ, द मिल) की तिथे दॅट गाळला असल्याची शंका घ्या. दुसरं ठिकाण जास्त फसवं : द क्लॉथ सोल्ड अब्रॉड वॉज व्हाइट. इथे सोल्ड वाचताच ‘कापडाने विकलं’ असं काहीतरी मनात येतं आणि पुढचं वॉज उपरं वाटायला लागतं. प्रत्यक्षात सोल्ड म्हणजे ‘विकलेलं’. परदेशी विकलेलं कापड पांढरं होतं. नामानंतर आलेल्या अशा शब्दाला ‘लेला-लेली-लेलं’ लावून बघा. अर्थ जुळला आणि पुढे आणखी एक क्रियापद सापडलं, तर मुख्य क्रियापद ते पुढचं.

रोजचा सराव : तुमच्याच पाठ्यपुस्तकातली वीसपेक्षा जास्त शब्दांची पाच वाक्यं घ्या. पेन्सिलने कंस काढा, कणा तीन-चार शब्दांत वहीत लिहा, मग पूर्ण वाक्य मराठीत सांगा. पंधरा मिनिटांत होतं. पाचाची दहा वाक्यं करू नका. सातव्या-आठव्या वाक्याला लक्ष उडतं आणि कंस अंदाजाने पडायला लागतात. तीन-चार आठवड्यांनी पेन्सिल बाजूला ठेवून बघा. कंस डोळ्यांनीच पडत असतील तर मग संपूर्ण उताऱ्याकडे वळा.

प्रत्येक अनोळखी शब्दाला मोबाइलमधला शब्दकोश उघडतो. एका पानाला तास जातो, आणि शेवटी पान काय सांगतं ते आठवत नाही. न बघता पुढे जावं तर अपराधी वाटतं.
— बी.एस्सी. द्वितीय वर्ष, बार्शी

एका पानाला तास लागत असेल तर तो मजकूर तुमच्यासाठी आज फार वरचा आहे. तो बदला. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून निघालेला अंदाज असा की मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असतील तर मदतीशिवाय नीट अर्थ लागतो. याचा हिशेब सोपा आहे. कुठल्याही पानावरचे शंभर शब्द मोजा आणि अनोळखी शब्दांखाली टिंब द्या. दोन-तीन टिंबं पडली तर मजकूर आरामात वाचण्याजोगा. पाचपर्यंत पडली तर शब्दकोश जवळ घेऊन अभ्यासाला चालेल. दहा पडली तर ते पुस्तक सहा महिन्यांनी उघडा. यात कमीपणा काही नाही.

मजकूर योग्य पातळीचा असला तरी अनोळखी शब्द येणारच. पहिल्या वाचनात शब्दकोश बंद ठेवा, फक्त टिंब देत पुढे जा. परिच्छेद संपल्यावर टिंबांकडे परत या आणि एकच विचारा : हा शब्द झाकला तर कणा कळतो का? वरच्या उताऱ्यात वॉर्प माहीत नसला तरी ‘कसले तरी धागे’ एवढ्यावर काम भागतं. रिप्लेस्ड माहीत नसला तर मात्र वाक्यच जातं. कणा अडवणारे शब्द आणि उताऱ्यात दोनदा-तीनदा आलेले शब्द तेवढे बघा. पानामागे चार-पाच पुरे.

बघितलेला शब्द लिहून ठेवायची पद्धतही बहुतेकांची चुकते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अशी दोन रकान्यांची वही दोन महिन्यांत जाडजूड होते आणि परत कुणी उघडत नाही. त्यापेक्षा पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं कार्ड घ्या. पुढच्या बाजूला तो शब्द ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहा आणि शब्दाखाली रेघ मारा. मागे त्या वाक्यापुरता मराठी अर्थ लिहा. ‘त्या वाक्यापुरता’ हे महत्त्वाचं. डिसिप्लिन म्हणजे शिस्त हे शाळेत शिकलेलं असतं, पण विद्यापीठाच्या पुस्तकात बहुधा त्याचा अर्थ ज्ञानशाखा असतो. नॉव्हेल म्हणजे कादंबरी, पण अ नॉव्हेल मेथड म्हणजे नवी पद्धत. अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेममध्ये पत्ता शोधत बसलात तर गेलात. कार्ड दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने बघायचं. चुकलं की ते पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात.

कुठले शब्द आधी, असा प्रश्न असेल तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली केलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट इंटरनेटवर मोफत मिळते. त्यात 570 शब्दकुळं, म्हणजे एकेका मूळ शब्दाचे त्याच्या रूपांसकट गट, आहेत (असेस, अझ्यूम, डिराइव्ह, कॉन्टेक्स्ट, इंडिकेट अशा जातीची) आणि कुठल्याही शाखेच्या अभ्यासग्रंथातला सुमारे दहावा हिस्सा एवढ्यावर व्यापतो. रोज आठ, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे बारा आठवड्यांत यादी संपते. फक्त यादी पाठ करू नका. प्रत्येक शब्दाला तुमच्या पुस्तकातलं एक वाक्य सापडलंच पाहिजे.

नेटची (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची) तयारी करतोय. उताऱ्यावरच्या चार पर्यायांतले दोन लगेच बाद होतात. उरलेल्या दोनांत मी नेमका चुकीचा निवडतो. हे नशीब म्हणायचं का?
— एम.ए., केगाव परिसर

दोनातला चुकीचा वारंवार निवडला जात असेल तर त्यात नशीब नाही. चूक ठराविक जातीची होते आहे आणि ती जात तुम्हाला अजून दिसलेली नाही. नेटच्या पहिल्या पेपरला उताऱ्यावर पाच प्रश्न म्हणजे 10 गुण असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून लोक हा भाग अंदाजावर सोडतात. तिथेच गुण जातात.

वरचाच उतारा घेऊ. प्रश्न : जॅकार्डच्या जोडयंत्रामुळे काय झालं? पर्याय असे :
अ) विणकराची जागा यंत्राने घेतली.
ब) धागे उचलायला वेगळ्या माणसाची गरज उरली नाही.
क) लिऑनच्या सर्व विणकरांनी त्याला विरोध केला.
ड) नक्षीदार कापडाचं उत्पादन वाढलं.

बरोबर उत्तर ब. पण उताऱ्यातले ठळक शब्द त्यात नाहीत. रिप्लेस्ड नाही, हेल्पर नाही, हँड नाही. प्रश्न काढणारा बरोबर पर्याय मुद्दाम वेगळ्या शब्दांत मांडतो आणि चुकीच्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द पेरतो. अ बघा : विणकर आहे, जागा घेणं आहे, फक्त मधला नॉट गळला. घाईत वाचणारा ओळखीचे शब्द दिसले की तिथेच टिक करतो. क मध्ये मेनीचं ‘सर्व’ झालं आणि भीतीचा ‘विरोध’ झाला. ऑल, ओन्ली, नेव्हर, ऑलवेज असे टोकाचे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यात तेवढंच टोकाचं विधान आहे का, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

सोलापूरच्या मुलाला सगळ्यात जास्त ओढतो तो ड. कारण तो खरा वाटतो, आणि घरात माग असेल तर अनुभवातूनही खरा वाटतो. पण उताऱ्यात उत्पादनाबद्दल एक शब्द नाही. विषय ओळखीचा असला की वाचन सोपं जातं आणि उत्तर चुकायची शक्यता मात्र वाढते. आपण उताऱ्याऐवजी डोक्यातल्या माहितीतून उत्तर देतो. अर्थशास्त्राच्या मुलांचं महागाईवरच्या उताऱ्यात हेच होतं.

चौथी जात अर्ध्या-खऱ्या पर्यायाची : ‘बॅबेजने कार्डांवर चालणारं यंत्र पूर्ण केलं.’ कार्डांपर्यंत ठीक, ‘पूर्ण केलं’ इथे खोटं. पर्याय शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

परदेशी जाण्यासाठी आयईएल्टीएस देणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ अशी तीन उत्तरं असतात आणि फॉल्स व नॉट गिव्हन यांत गल्लत होते. उतारा उलट सांगतो ते फॉल्स. उतारा त्याबद्दल बोलतच नाही ते नॉट गिव्हन. ‘लिऑनच्या विणकरांनी यंत्रं मोडली’ हे विधान घ्या. तुम्ही ते दुसरीकडे कुठेतरी वाचलंही असेल. पण उताऱ्यात फक्त फिअर्ड आहे. म्हणून नॉट गिव्हन.

आता उपाय. सोडवलेल्या प्रत्येक उताऱ्यासाठी चुकांची वही ठेवा. रकाने चार : मी काय निवडलं, बरोबर काय होतं, पुरावा उताऱ्यातल्या कुठल्या ओळीत, आणि चुकीची जात (शब्द जुळले म्हणून / टोकाचा शब्द / बाहेरची माहिती / अर्धं खरं / कणाच चुकला). बरोबर आलेल्या प्रश्नांनाही पुराव्याची ओळ लिहा. अंदाजाने आलेले तिथे उघडे पडतात. उतारा सोडवायला दहा मिनिटं लागली असतील तर ही वही भरायला वीस द्या. दिवसाला चार उतारे सोडवून उत्तरतालिकेशी उत्तरं जुळवणाऱ्यापेक्षा एकच उतारा असा उकलणारा लवकर सुधारतो, हे आम्ही कितीही वेळा सांगायला तयार आहोत. पंधरा उतारे झाले की चौथा रकाना मोजा. बहुतेकांच्या निम्म्याहून जास्त चुका एकाच जातीच्या निघतात.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटला (आकलन-तर्काच्या पेपरला) वेळ पुरत नाही. माझा वाचनाचा वेग कमी आहे. स्पीड रीडिंगचा क्लास लावू का?
— स्पर्धा परीक्षा देणारा, सात रस्ता

क्लासचे पैसे राखून ठेवा, आधी हिशेब करू. पेपरला 80 प्रश्न, 2 तास. म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. तीनशे शब्दांच्या उताऱ्यावर पाच प्रश्न धरले तर उतारा आणि प्रश्न मिळून साडेसात मिनिटं. मिनिटाला शंभर शब्द हा बऱ्यापैकी मंद वेग झाला, तरी उतारा तीन मिनिटांत वाचून होतो. साडेचार मिनिटं उरतात. मग वेळ जातो कुठे? प्रत्येक प्रश्नाला उतारा पहिल्यापासून पुन्हा वाचण्यात. पाच प्रश्न, पाच वाचनं, झाली पंधरा मिनिटं.

म्हणून पहिल्याच वाचनात समासात खुणा करा. प्रत्येक परिच्छेदासमोर दोन-तीन शब्द मराठीत : ‘मदतनीस गेला’, ‘आधी भीती’, ‘बॅबेज’. बट, हाउएव्हर, ऑल्दो, देअरफोर यांना गोल करा, लेखकाचं म्हणणं तिथेच वळतं. प्रश्न आला की गोलाकडे किंवा समासाकडे बघून नेमक्या दोन ओळी वाचा. एखादा प्रश्न दोन मिनिटं खाऊनही सुटत नसेल तर सोडा. तिथे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिश्शाची कपात आहे आणि पेपर 33 टक्क्यांपुरता पात्रतेचा आहे. सगळे उतारे सोडवायचं बंधन कुणीच घातलेलं नाही.

वेगाबद्दल : बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 साली 190 अभ्यास एकत्र तपासून काढलेली सरासरी इंग्रजी माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला 238 शब्द आहे. त्यामुळे हजार शब्दांची हमी देणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. एवढ्या वेगात डोळे पानावरून फिरतात, अर्थ मागे राहतो. तुमचा वेग मोजायचा तर पाच ओळींतले शब्द मोजून पाचाने भागा, ती झाली ओळीची सरासरी. तीन मिनिटांत वाचलेल्या ओळींना तिने गुणा आणि तीनने भागा. मोजल्यावर पुस्तक मिटून चार वाक्यांत सारांश सांगा. सांगता आला नाही तर तो आकडा खोडा. पंधरवड्यातून एकदा मोजा, रोज नको.

वाचताना ओठ हलतात म्हणून काळजी करणारी तीन पत्रं आली. मनातला आवाज बंद करायचा प्रयत्न करू नका, अर्थ लावायला त्याची मदतच होते. ओठ हलत असतील तर मात्र वेग बोलण्याइतकाच राहतो. दात मिटून, जीभ टाळूला लावून वाचा, सवय सुटते.

छोट्या शब्दांनी घात होतो. अनलेस, फ्यू, हार्डली आले की उत्तर उलटं येतं.
— बी.ए., पंढरपूर

अनलेसला मराठीत ‘शिवाय’ चपखल बसतो. ‘जर’ घेऊन गेलात की गोंधळ झालाच. अनलेस द डॅम फिल्स, वॉटर इज नॉट रिलीज्ड : धरण भरल्याशिवाय पाणी सोडत नाहीत. ‘जर धरण भरलं तर पाणी सोडत नाहीत’ असं वाचलं की सगळंच उलटं.

फ्यू स्टुडंट्स पास्ड म्हणजे जेमतेमच पास झाले, सूर नाराजीचा. अ फ्यू स्टुडंट्स पास्ड म्हणजे काही जण तरी पास झाले. एका ‘अ’ने लेखकाचा सूर बदलतो, आणि सुरावर हमखास प्रश्न येतो. हार्डली, सेल्डम, स्केअर्सली यांच्यात नकार लपलेला असतो, म्हणून त्यांच्या डोक्यावर उणे चिन्ह काढा. फेल्ड टू, फार फ्रॉम, एनीथिंग बट यांच्यावरही. फार फ्रॉम हेल्पिंग द फार्मर्स, द स्कीम हर्ट देम : इथे अंतराचा काही संबंध नाही, मदत तर नाहीच, उलट नुकसान. एका वाक्यात दोन उणे चिन्हं आली तर गणितासारखं अधिक करा : हार्डली अनकॉमन म्हणजे बऱ्यापैकी सर्रास.

सिन्स कधी ‘पासून’ असतो तर कधी ‘कारण’. व्हाइल कधी ‘असताना’ तर कधी ‘उलट’. जोडलेल्या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नसतील तर व्हाइल विरोध दाखवतोय असं समजा. आणि मे आहे तिथे लेखकाने खात्री दिलेली नाही. पर्यायात ‘आहेच’ असेल तर तो बाद.

घरी तेलुगू, शाळा मराठीत, आता पुस्तकं इंग्रजीत. सर म्हणतात इंग्रजीतच विचार करा, मनात भाषांतर करू नका. मला ते जमतच नाही.
— बी.ए. प्रथम वर्ष, दाजी पेठ

जमत नसेल तर सध्या सोडून द्या. शब्दाला शब्द ठेवत भाषांतर करणं वाईट, कारण इंग्रजीचा शब्दक्रम ना मराठीत बसतो ना तेलुगूत. तेलुगूतही क्रियापद शेवटीच येतं आणि विशेषण-वाक्य नामाच्या आधी येतं. त्यामुळे पहिल्या उत्तरातली कंसाची युक्ती तुम्हालाही तितकीच लागेल. पण परिच्छेद वाचून झाल्यावर पुस्तकावर हात ठेवून ‘हा काय म्हणाला?’ याचं एका वाक्यात उत्तर द्यायचं, ते ज्या भाषेत पटकन येईल त्या भाषेत द्या. तेलुगू, मराठी, मिसळ, काहीही. हे अर्थाचं भाषांतर आहे, ते उपयोगाचंच. वाक्य जुळत नसेल तर परिच्छेद कळलेला नाही, एवढं नक्की समजतं. सोपा मजकूर पुरेसा वाचून झाला की मधली भाषा हळूहळू आपोआप गळते.

रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचा असं सगळे सांगतात. दोन आठवड्यांत कंटाळून सोडला. दुसरं काय वाचू?
— मंगळवेढा, अक्कलकोट आणि शहरातून मिळून सात पत्रं

अग्रलेखाने सुरुवात करणं ही आमच्या मते सर्रास दिली जाणारी वाईट सूचना आहे. अग्रलेख लिहिणारा धरून चालतो की बातमी तुम्हाला आधीच माहीत आहे. शिवाय तो टोमणा मारतो, म्हणजे शब्दांचा अर्थ एक आणि म्हणणं दुसरंच. नवशिक्याला दोन्ही झेपत नाही.

सुरुवात बातमीने करा, आणि तीही सकाळी मराठीत वाचून झालेल्या बातमीने. पावसाळ्यात उजनीची बातमी रोज असते. मराठी पेपरात मृत साठा, उपयुक्त साठा, विसर्ग, पाणलोट क्षेत्र हे शब्द वाचलेत की त्याच बातमीत इंग्रजी पेपरातले डेड स्टोरेज, लाइव्ह स्टोरेज, डिस्चार्ज, कॅचमेंट शब्दकोशाविना कळतात. आकडे दोन्हीकडे तेच असल्याने वाक्य कुठे चुकलं तेही लगेच समजतं. महिनाभर अशी रोज एक जोडी वाचा.

त्यानंतर एनसीईआरटीची आठवी ते दहावीची सामाजिक शास्त्रांची आणि विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं घ्या. त्यांच्या संकेतस्थळावर पूर्ण पुस्तकं मोफत उतरवता येतात. शाळकरी म्हणून नाक मुरडू नका, विषय मराठीतून झालेला असतो आणि वाक्यरचना स्वच्छ असते. शंभर शब्दांची टिंब-चाचणी लावून इयत्ता ठरवा. मग अकरावी-बारावीची, मग तुमच्या विषयाचं इंग्रजी पाठ्यपुस्तक, आणि तिथून मजेत अग्रलेखाकडे या.

वेळ : रोज चाळीस मिनिटं. त्यातली पंचवीस आरामाच्या वाचनाला, पंधरा कंसाच्या किंवा उताऱ्याच्या सरावाला. रविवारी एक उतारा घड्याळ लावून. रोज घड्याळ लावणाऱ्यांना लवकरच घाईची सवय लागते आणि अचूकता घसरते.

भाषांतराचं अ‍ॅप वापरलं तर चालेल का?
— बी.सी.ए., विजापूर रोड

तुमचं मराठी वाक्य आधी वहीत लिहा, मग अ‍ॅपचं बघा. दोन्ही जुळली नाहीत तर कोण चुकलं ते मूळ वाक्यात कंस काढून ठरवा. कधीकधी अ‍ॅपही चुकलेलं निघतं, विशेषतः जिथे दॅट गाळलेला असतो.

वसतिगृहावर आम्ही चौघं एकत्र सराव करतो, पण गप्पाच जास्त होतात.
— शहरातून

चौघांनी एकच उतारा आपापला सोडवा, दहा मिनिटं, एक शब्द न बोलता. मग ज्या प्रश्नावर मतभेद आहे तेवढाच चर्चेला घ्या. ज्याचं उत्तर वेगळं आलं त्याने पुराव्याची ओळ वाचून दाखवायची, ‘मला वाटतं’ म्हणायला बंदी. चौघांचंही उत्तर सारखं आलं तर तो प्रश्न वगळा. आणि उत्तरतालिका दर वेळी वेगळ्याच्या ताब्यात द्या, नाहीतर एकजण मास्तर होतो आणि बाकीचे तिघे माना डोलवतात.